बोलणाऱ्या पुतळ्या, झेलणारे पुतळे

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, आष्टी-पाटोद्याच्या अंगाने जी डोंगररांग जाते तिला नाथपंथी मंडळी गर्भगिरी म्हणतात. आष्टी तालुक्यातल्या सावरगावी मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांची समाधी. पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड. रायमोह्याजवळ येवलवाडीला जालिंदरनाथ. आणि जिल्ह्याची शीव ओलांडली की पाथर्डी तालुक्यात मढीचे कानिफनाथ. सकाळी लवकर निघालेला मोटारसायकलवाला दिवस मावळायच्या आत चौघांचे दर्शन घेऊन घरी परततो. या टापूत श्रावणात जी पोथी लागते ती ‘नवनाथ भक्तिसार’. धुंडीसुत मालू कवीने ती शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पुरी केली. ४० अध्याय, ७,६०० ओव्या. भाविकांच्या लेखी ती पोथी आहे आणि तिचे ते स्थान मला मान्यच आहे. इथे मी बोलणार आहे ते तिच्यातल्या कथाकल्पनेपुरते. ज्यांनी आयुष्यात एकही कादंबरी हातात धरली नाही अशा आमच्याकडच्या माणसांपर्यंत अद्भुतकथेचा केवढा तरी साठा या एका पोथीने पोचवला आहे.

तिच्यातली गहिनीनाथांच्या जन्माची गोष्ट पाहा. कनकगिरी गावात गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला आहे. गावची पोरे चिखलाशी खेळताहेत. चिखलाची गाडी झाली, पण ती हाकायला गाडीवान हवा. पोरांना तो साधेना, म्हणून त्यांनी गोरक्षाला गळ घातली. त्याने हाताने चिखल मळायला घेतला. तोंडाने मंत्र चालूच. गाडीवानाचा पुतळा पुरा होतो न होतो तोच त्यात जीव आला. पोरे भूत भूत म्हणून पळाली, खुद्द गोरक्षही घाबरला. मच्छिंद्रनाथांनी येऊन ते मूल उचलून घेतले आणि गावातल्या एका जोडप्याच्या ओटीत घातले. तेच गहिनीनाथ. पुढे त्यांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना. पोथीच्या हिशेबाने चालायचे तर ज्ञानेश्वरीच्या गुरुपरंपरेतली एक कडी चिखलाच्या खेळण्याची आहे.

आमच्याकडे पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल येतात, कधी घरीच केले जातात. बैल झाले की त्यांच्यामागे गाडी आणि गाडीत माणूस हवाच, हा हट्ट आजही पोरे करतात. गहिनीनाथांची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, आणि ती सांगितलीही जाते.

गेली काही वर्षे बीड, केज, अंबाजोगाई, धारूर, माजलगाव या भागांत मी देव्हाऱ्याबाहेरच्या मूर्ती पाहत हिंडतो आहे. देव्हाऱ्यातल्या मूर्तींवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या मूर्तींची लक्षणे ग्रंथांत बांधलेली असतात. मला कुतूहल आहे ते ज्यांची पूजा होत नाही अशा आकृतींचे. खांबाच्या माथ्यावरचा पोपट, बंगईच्या पितळी कड्यांतले हत्तीस्वार, लामणदिव्यावरचा मोर, अडकित्त्याच्या दोन पात्यांवरचे जोडपे, कोनाड्यातली बाहुली, आणि अलीकडच्या काळात शोकेसमधली परी. या सगळ्यांना आपण शोभेच्या वस्तू म्हणून मोकळे होतो. पण शोभेला नुसती वेलबुट्टीही चालली असती. तिथे जिवंत प्राण्याचीच, आणि पुष्कळदा जगात नसलेल्या प्राण्याचीच आकृती का लागली? तिचे उत्तर मला शिल्पशास्त्रापेक्षा गोष्टींत सापडते.

अद्भुतकथेतून घरातली मूर्ती जन्माला येणे हे जगात इतरत्रही घडले. ग्रिम बंधूंच्या लोककथांचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या थुरिंजिया भागातल्या ग्रेफेनरोडा गावी भाजक्या मातीचे टोपीवाले बुटके घडवण्याचा धंदा उभा राहिला. ते युरोपभरच्या बागांत जाऊन बसले. अँडरसनने १८३७ मध्ये लिहिलेली जलपरी १९१३ मध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यावर ब्राँझमध्ये आली, आणि तिच्या छोट्या प्रतिकृती आज घराघरांतल्या फळ्यांवर आहेत. तिकडचा प्रवास गोष्टीतल्या पात्रापासून मूर्तीकडे असा सरळ आहे. आपल्याकडचा मामला वेगळा. आपल्या गोष्टींत मूर्ती स्वतःच पात्र असते. ती घडवली जाते, मग बोलते, चालते, रुसते, किंवा कुणाच्या तरी वाट्याचा घाव अंगावर घेते. त्यामुळे अशी गोष्ट ऐकलेल्या माणसाच्या घरातली कोणतीही मूर्ती पूर्ण निर्जीव राहत नाही.

घाव अंगावर घेण्याची गोष्ट पुन्हा नवनाथांचीच. राजा गोपीचंदाने जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरले, वर घोड्यांची लीद लोटली. वर्षांनी कानिफनाथ गुरूला काढायला आले. पण बाहेर येताच गुरूचा कोप राजाला जाळणार, हे त्यांना ठाऊक. त्यांनी सोने, रुपे, तांबे, पितळ आणि लोखंड या पाच धातूंचे गोपीचंदाचे हुबेहूब पुतळे करवून घेतले. राजाने कुदळ मारायची आणि पुतळा पुढे करून चटकन बाजूला व्हायचे. खड्ड्यातून कोण आहे अशी विचारणा झाली, उत्तर गेले गोपीचंद, आणि शापाने पुतळा भस्म. असे पाच पुतळे गेले, राजा उरला. पुढे त्याच गुरूच्या कृपेने तो अमर झाला. कारागिराच्या कामाचा याहून मोठा गौरव मी कुठल्या ग्रंथात पाहिलेला नाही. पुतळा इतका साधला होता की शापसुद्धा फसला.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आमच्या भागातल्या अद्भुत गोष्टींनी घरातल्या मूर्तीला दोन कामे लावून दिली. एक बोलण्याचे, दुसरे झेलण्याचे. ज्या जागी ही कामे होती त्या जागी मूर्ती बसली, आणि जिची ही दोन्ही कामे सुटली ती अडगळीत किंवा भंगारात गेली.

बोलणाऱ्या मूर्तींचे मूळ शोधत गेलो तर बीडहून फार लांब जावे लागत नाही. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी आहे आणि तिच्याच काठी, थोडे वरच्या अंगाला पैठण. गुणाढ्याची कथा याच प्रतिष्ठानाशी जोडलेली. सातवाहन राजाच्या दरबारात पैज हरल्यावर त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, अरण्यात पैशाची शिकला आणि सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा शाईअभावी स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने ते आगीत टाकले. राजा धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरलेल्या एक लक्षाचा वारसा सांगणारा ‘कथासरित्सागर’ सोमदेवाने ११व्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी रचला.

त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला, कलिंगसेनेला, भेटायला येताना एक करंडी घेऊन येते. करंडीत लाकडी बाहुल्या. एकीची खुंटी दाबली की ती आकाशातून उडत जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी गप्पा मारते. कलिंगसेना त्या पाहण्यात तहानभूक विसरते. दुसऱ्या एका कथेत राज्यधर नावाचा सुतार समुद्राकाठच्या ओसाड नगरात एकटा राहतो, आणि सोबतीला त्याने लाकडाची माणसे केली आहेत. तीच दारावर उभी राहतात, तीच वाढतात, तीच चवऱ्या ढाळतात. त्याचा भाऊ प्राणधर दोरीला बांधलेले यंत्रहंस राजाच्या खजिन्यात सोडून रत्ने पळवीत असे, म्हणून दोघांना परागंदा व्हावे लागले होते. सुताराचे इतके लाड दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात झाले असतील तर ते मला वाचायला आवडतील. सुतार हा आमच्याकडे बलुतेदार, खळ्यावर वर्षाचे धान्य घेऊन नांगर-वखर दुरुस्त करणारा. त्याच्या जातीच्या माणसाला गोष्टीत राजपुत्राचा यजमान केलेला आहे.

पण घरातल्या पुतळीचा खरा ग्रंथ म्हणजे सिंहासनबत्तिशी. ती ज्याला माहीत नाही असा माणूस मला आमच्याकडे भेटलेला नाही, आणि पुस्तकातून वाचलेला क्वचित भेटला. शेतातल्या उंचवट्यावर माळा घातलेला शेतकरी वर चढला की उदार होतो, खाली उतरला की पुन्हा कंजूष. भोजराजा तिथे खणतो तेव्हा विक्रमाचे सिंहासन निघते. बत्तीस पायऱ्या, बत्तीस पुतळ्या. राजा पाय ठेवणार तोच पहिली पुतळी बोलते, विक्रमाच्या औदार्याची गोष्ट सांगते आणि विचारते, तू असा आहेस का? बत्तीस वेळा हेच. शेवटी कळते की त्या शापाने पुतळ्या झालेल्या अप्सरा होत्या. गोष्टी सांगून संपल्या आणि त्यांचा शापही संपला.

ही गोष्ट मराठीत छापील रूपात फार लवकर आली. १८१४ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात, पंडित वैजनाथ शर्मा यांनी केलेली ‘सिंहासनबत्तिशी’ मोडी अक्षरात निघाली. वैजनाथ म्हटले की आम्हा बीडकरांचे कान टवकारतात, पण त्यांचा परळीशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ आली. पुढे १८६१ मध्ये हळब्यांची ‘मुक्तामाला’, १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरीने डोळे उघडले तेच अद्भुताच्या पाळण्यात. मात्र ही पुस्तके मुंबई-पुण्याच्या वाचकाची. आमचा भाग १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. बत्तिशी आमच्याकडे राहिली ती कानावर. कानावर राहिलेली गोष्ट बदलते, पण मरत नाही.

आता वाड्याकडे येऊ. मराठवाड्यातला जुना वाडा म्हणजे दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर माळवद, पुढे ढाळज, मध्ये चौक आणि चौकाच्या भोवती सागवानी खांबांच्या ओसऱ्या. बाहेरून गढीसारखा ओबडधोबड. कोरीवकाम सगळे आत, आणि तेही ठराविक जागी. दाराच्या वर गणेशपट्टी, चौकटीवर वेल आणि कमळे, खांबाच्या माथ्यावर तुळईला आधार देणाऱ्या लाकडांवर पोपट, मोर, हत्ती, व्याल आणि एखादी वाद्य वाजवणारी पुतळी. व्याल म्हणजे सिंहाचे धड घेऊन त्यावर हत्तीची सोंड किंवा पोपटाची चोच लावलेला, कुठल्याही रानात न भेटणारा प्राणी. तो मंदिरावरून घरात आला. मराठवाड्यातल्या मंदिरशिल्पांचा पाया गो. बं. देगलूरकरांनी घालून ठेवलेला आहे, त्यामुळे मंदिरांविषयी मी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी उभ्या आहेत. त्या शापित असल्याचे, रात्री खाली उतरून तळ्यावर जात असल्याचे मी एकाहून अधिक गावांत, वेगवेगळ्या देवळांविषयी ऐकले आहे. ही बत्तिशीच आहे. जाणकार त्यांना सुरसुंदरी म्हणतो, गुराखी त्यांना बत्तीस पुतळ्यांच्या बहिणी समजतो. मला गुराख्याचे वाचन कमी प्रतीचे वाटत नाही.

सुताराने पोथी उघडून पुतळी कोरली, असे मी म्हणत नाही. कोरणारा आणि ऐकणारा एकाच ओसरीवर बसलेले होते, एवढे पुरे आहे. रात्री ज्या खांबाला टेकून आजी बत्तिशी सांगत होती त्याच खांबाच्या माथ्यावर पुतळी होती. पोराने वर पाहिले की गोष्ट आणि लाकूड यांची गाठ आपोआप बसे. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतो, तेही काही उगाच नसावे. पाहणाऱ्याच्या डोळ्यातच बाहुली आहे.

पोपटाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागातल्या घरांवर त्याच्याइतका दुसरा कोणी नाही. तो सुंदर आहे म्हणून नव्हे. सुंदर मोरही आहे. पोपट गोष्ट सांगतो. मालक परगावी गेला आहे, मालकीण दुसऱ्याकडे निघाली आहे, आणि पिंजऱ्यातला पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला उंबऱ्याच्या आत ठेवतो. संस्कृतात हीच शुकसप्तती, मराठीत शुकबहात्तरी. दोन गोष्टी आपण वाढवल्या. १४व्या शतकात झियाउद्दीन नख्शबीने ती फारसीत नेली, तूतीनामा म्हणून. १६३९ मध्ये गोवळकोंड्याच्या गव्वासीने तिची दखनी केली. म्हणजे पोपट आमच्याकडे दोन वाटांनी आला, एक मराठी आणि एक दखनी, आणि बीडच्या बाजारपेठेत दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जात. त्याची जागा बघा. तो दाराच्या चौकटीवर असतो, तोरणात असतो, लामणदिव्याच्या साखळीवर असतो. जिथून बाहेर पडायचे तिथे. गोष्टीतले त्याचे कामही उंबऱ्यावर अडवण्याचेच.

दखनीतूनच हातिमताई आला. त्याच्या सातव्या सफरीत बादगर्दचा हमाम लागतो. आत पिंजऱ्यात पोपट, शेजारी धनुष्य आणि तीन बाण. नेम चुकला की माणूस संगमरवराचा. चोहीकडे अशा चुकलेल्यांचे पुतळे उभे. हातिमचा नेम लागतो तेव्हा जादू फिटते आणि पुतळ्यांची पुन्हा माणसे होतात. बत्तिशीत अप्सरांच्या पुतळ्या झाल्या, इथे वीरांचे पुतळे. एक संस्कृत घराण्याची, एक फारसी, पण दोन्हीकडे पुतळा म्हणजे थांबवून ठेवलेला माणूस. परी हा शब्दही त्याच वाटेने आला. आपल्या अप्सरेला पंख नसतात. पंख असलेली बाई ही इराणातून आलेली पाहुणी, आणि ती इतकी रुळली की आज आपण लेकीचे नाव परी ठेवतो.

हत्ती पंजात धरलेल्या पाखराविषयी फक्त नोंद करतो. महाभारताच्या आदिपर्वात गरुड एका पायात हत्ती, एका पायात कासव घेऊन उडतो. सिंदबादच्या सफरीतला रुख पक्षीही हत्ती उचलतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींमुळे तो मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर हत्ती धरलेले शरभ आणि गंडभेरुंड आहेतच. हे कूळ राजसत्तेचे. ते किल्ल्यावर शोभते. घरात आले तरी देशमुखी-पाटीलकीच्या दारापुरते.

आणि कोण घरात आले नाही, हेही पाहायला हवे. वेताळाइतका लोकप्रिय पात्र शोधून सापडणार नाही. छत्र्यांच्या पुस्तकापासून तो छापील मराठीत आहे. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत निघू लागला आणि त्यातली शंकर या चित्रकाराची चित्रे, खांद्यावर प्रेत टाकून तलवार हाती धरून चाललेला विक्रम, दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत ठसली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली. तरी वेताळाची मूर्ती शोभेसाठी कोनाड्यात ठेवलेली मी एकाही घरात पाहिली नाही. तो गावाबाहेर, शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात. बोलणारा तर तोही आहे, पंचवीस गोष्टी सांगतो. पण तो झेलत नाही, उलट पाठीवर बसतो. घरात कोणाला घ्यायचे याचा विचार फार काटेकोर होता, असे यावरून दिसते.

झेलणाऱ्यांचा राजा कीर्तिमुख. शिवाने राहूला खायला एक भुकेला गण निर्माण केला. राहू शरण आला, मग या गणाने खायचे काय? शिवाच्या आज्ञेने त्याने स्वतःलाच पायापासून खायला सुरुवात केली आणि तोंड तेवढे उरले. शिव म्हणाला, आता तू माझ्या दारावर राहा. ही पुराणातली कथा आहे, पण तिच्याइतकी भयंकर आणि विनोदी गोष्ट मी परीकथांतही वाचलेली नाही. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यांवर त्याचे तोंड असते. आत जाणारा त्याला ओलांडून जातो.

आता बीड शहरातल्या कोणत्याही नव्या वसाहतीत जा. स्लॅब पडलेल्या, गिलावा न झालेल्या प्रत्येक बांधकामावर काळा, शिंगांचा, लाल जीभ बाहेर काढलेला राक्षसाचा मुखवटा टांगलेला दिसेल. प्लास्टिकचा किंवा फायबरचा. शिकलेले लोक त्याला अंधश्रद्धा म्हणतात, सौंदर्यवादी त्याला भडक म्हणतात. दोघांचेही बरोबर असेल. पण कीर्तिमुखाचा आणि गोपीचंदाच्या पाच पुतळ्यांचा हयात वारस आज हाच आहे. नजर लागायची ती याला लागो, हीच ती जुनी विद्या. शिल्प म्हणून तो सुमार आहे, पण बेकार नाही. त्याला काम आहे म्हणून तो खपतो.

बोलणाऱ्यांचे मात्र हाल झाले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती बहुतेक अशाच जाड दगडी भिंती आणि मातीच्या माळवदांखाली. त्या रात्री आमच्याकडचीही माणसे अंगणात झोपली, आणि पुढे कित्येकांनी माळवदाखाली झोपणेच सोडले. वाडे उतरवणे हे तेव्हा शहाणपणच होते. मुलेबाळे असलेल्या घराला कोरीव खांबासाठी जीव धोक्यात घाला असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण वाडा उतरला की लाकूड मोकळे होते. जुन्या लाकडाचे व्यापारी गावोगाव फिरू लागले. साधा वासा आणि कोरलेला आधार एकाच गाडीत, बऱ्याचदा एकाच भावात गेला. दारांना काच लावून जेवणाची टेबले झाली, खांब हॉटेलांच्या दर्शनी भागात उभे राहिले. वस्तू जपल्या गेल्या, हे खरे. कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून पुण्यात जो संग्रह उभा केला, त्यातले दिवे, अडकित्ते आणि दरवाजे पाहिले की एका माणसाच्या ध्यासाने काय वाचते ते कळते. पण हॉटेलातल्या खांबावरची पुतळी कोणाशी बोलणार? तिच्याखाली गोष्ट सांगणारे कोणी बसत नाही. व्यापाऱ्याच्या वखारीत मी एकदा एका आधारावरच्या प्राण्याकडे बोट दाखवून हा कोण असे विचारले. डिझाइन आहे, असे उत्तर मिळाले.

वाडा गेला आणि सिमेंटच्या घरात शोकेस आली. तिच्यातल्या पहिल्या पिढीवर चित्रांचा ठसा होता. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ‘हंस-दमयंती’सारखी चित्रे स्वस्तात घरोघर पोचली. रघुनाथ पंडिताच्या नलदमयंती आख्यानातला हंस मराठी माणसाला आधीच पाठ होता. आता तो डोळ्यांनी दिसला. नंतरच्या काळात पितळेचे, काचेचे, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे हंसांचे जोड जे शोकेसमध्ये आले, त्यांना मी या बोलक्या हंसाचे पणतू मानतो. निरोप्याचे काम मात्र ते विसरले. पुढची पिढी जत्रेतल्या प्लॅस्टरची: पोपट, गीतोपदेशाचा रथ, पंखांची परी. त्यापुढची चिनी: ड्रॅगन, लाफिंग बुद्ध, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक. लाफिंग बुद्ध हे गौतम बुद्ध नव्हेत, तो बुदाई नावाचा झोळीवाला चिनी भिक्षू. आणि बेडूक हा लिऊ हाय या सिद्धाने सोन्याच्या नाण्यांचे आमिष दाखवून पकडलेला. म्हणजे त्यांच्याही गोष्टी आहेत, पण त्या समुद्रापलीकडेच राहिल्या. आमच्या बाजारात नुसत्या मूर्ती उतरल्या, सोबत वास्तूच्या चार सूचना घेऊन.

एवढ्यावर हा लेख थांबवून हळहळता आले असते. पण भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. धान्याच्या कोठ्यांवर पितळी किंवा मातीचे मुखवटे चढतात, साड्या नेसवतात, आणि त्यांच्यापुढे आरास मांडली जाते. त्या आराशीत घरातली झाडून सगळी खेळणी आणि शोकेसमधल्या सगळ्या वस्तू उतरतात. निर्मळची लाकडी फळे, प्लॅस्टरचा पोपट, मातीचे बैल, ड्रॅगन, परी, सगळे एका पंक्तीत. मराठवाड्यातल्या घरगुती शिल्पांचे वर्षातले एकमेव प्रदर्शन हेच, आणि ते बायकांनी मांडलेले असते. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई समोर बसते आणि विचारते, हे काय मांडलंय गं? विचारले की सांगावे लागते. पुतळीला पुन्हा काम लागते.

केज तालुक्यातल्या एका घरात मी ही आरास पाहत बसलो होतो. घर ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी कारखान्यावर जाणार, मागे म्हातारी आणि नातवंडे. मूर्ती जुन्या लुगड्यात बांधून पेटीत जातात आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत तिथेच राहतात. म्हातारीने परीला स्त्रीराज्यातली ठरवले होते. मच्छिंद्रनाथ जिथे अडकले आणि गोरक्षाने मृदंग वाजवून ज्यांना सोडवले ते स्त्रीराज्य. ड्रॅगनला ती वासुकी म्हणत होती. नातीने तीन पायांच्या बेडकावर बोट ठेवले. म्हातारीने थोडा विचार केला. म्हणाली, ह्यो राजा व्हता. दुष्काळात ह्येनं रांजणातलं पानी दडवून ठिवलं, तवा नाथांनी शाप दिला. तोंडातलं नाणं दान केल्याबिगर त्येला बोलता यायचं न्हाई.

आन् चौथा पाय कुठं गेला, असे नातीने विचारले. ते आता उद्या, म्हणून म्हातारीने तिला झोपायला पिटाळले.